लेथ घेतला, आता चालवायचा कसा? मालक आणि ऑपरेटर दोघांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक लेथबरोबर (धातूचा तुकडा फिरवून त्याला टूलने आकार देणारं मशीन) हे पत्रक जातं. बेडची लांबी, स्पिंडलचं (फिरणाऱ्या पोकळ दांड्याचं) बोर, मोटरची एचपी हे सगळं कोटेशनमध्ये असतं. इथे लिहिलेलं त्यात नसतं. मालकांना विनंती, हा कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मशीनवर उभा राहणाऱ्या माणसाला वाचून दाखवा, आणि त्याला मराठी येत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगा.

पॉवर प्रेसची भीती बघताक्षणी वाटते, लेथची वाटत नाही. गुळगुळीत झालेला जॉब, म्हणजे मशीनवर बांधलेला तुकडा, वेगात फिरताना जागच्या जागी उभा असल्यासारखा दिसतो, आणि धोका तिथेच आहे. एक हिशोब मांडून बघा. ५० मिमी व्यासाचा बार ६०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्यांनी, फिरतोय. एका फेरीत तो १५७ मिमी कापड गुंडाळतो. सेकंदाला दहा फेऱ्या, म्हणजे दीड मीटरपेक्षा जास्त. काहीतरी अडकलंय हे कळून हात मागे घ्यायला चपळ माणसालाही पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ३९ सेंमी कापड आत गेलेलं असतं. बाही अडकली तर जवळजवळ कोपरापर्यंतचा हात त्या अंतरात येतो. मोटरला त्याचा भारही जाणवत नाही. हात झटकन मागे घेईन, हा भरवसा खोटा आहे तो यामुळे.

म्हणूनच चालू लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. नवीन मालकांना हे पटायला वेळ लागतो, कारण सुरक्षेसाठी हातमोजे हे आपण सगळीकडे ऐकलेलं असतं. उघड्या बोटाला जॉब लागला तर कातडी फाटते. मोजा लागला तर तो बोटासकट हात ओढतो. जड कास्टिंग उचलताना, मशीन बंद असताना मोजे जरूर वापरा, आणि स्टार्टरला हात लावण्यापूर्वी काढून ठेवा. शर्टाची बाही कोपराच्या वर असावी. मफलर, गळ्यातली माळ, अंगठी, कडं, मनगटावरचा दोरा, इअरफोनची वायर हे सगळं कामाच्या वेळी लॉकरमध्ये. दोरा श्रद्धेचा असतो हे आम्हाला समजतं; तो ठेवायला स्वच्छ जागा द्या, म्हणजे काढताना कुणाला वाईट वाटणार नाही. हल्ली आयटीआयमधून टर्नर होऊन मुलीही येतात. त्यांच्यासाठी केस पूर्ण आत जातील अशी टोपी मालकाने द्यावी आणि ओढणी मशीनपाशी येऊ देऊ नये. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये रात्री एकटीने काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि ती दगावली. यातून दुसरी गोष्टही घ्या: रात्रपाळीला लेथवर माणूस एकटा ठेवू नका. स्टॉप बटन दाबायला हाकेच्या अंतरावर दुसरं कुणीतरी हवं.

पॉलिश पेपरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे जाणता कारागीरही सवयीने चुकतो. पेपर बोटाभोवती किंवा जॉबभोवती गुंडाळून धरायचा नाही. लांब पट्टी घेऊन दोन टोकं दोन हातांत सुटी धरा, किंवा पेपर लाकडी पट्टीला लावा. बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या आतल्या भोकात, बोट घालून पॉलिश करणं तर कायमचं बंद. काठीला पेपर लावून करता येतं. कानस मारायची असेल तर मुठीशिवायची कानस नको, आणि मूठ डाव्या हातात धरायला शिका. उजव्या हाताने मूठ धरली की डावा हात फिरत्या चकवरून (जॉब पकडणाऱ्या भागावरून) जातो. सुरुवातीला अवघड वाटतं, नंतर सवय होते. जॉबला कापडी चिंधी किंवा वेस्ट कॉटन लावायचं तेही मशीन थांबल्यावरच.

चक आणि जॉब

चकची चावी चकमध्ये असेपर्यंत हात चावीवरून निघता कामा नये. चावी तशीच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती फेकली जाऊन समोरच्या माणसाच्या तोंडावर बसते. आम्ही देतो त्या चावीला स्प्रिंग असते. हात सोडला की चावी आपोआप बाहेर येते. काही ठिकाणी त्रास होतो म्हणून ही स्प्रिंग काढून टाकतात. कृपया काढू नका.

जॉ, म्हणजे चकचे पकडणारे दात, चकच्या बॉडीबाहेर फार निघालेले असतील तर पकड पुरेशी नाही, मोठा चक लावा. टेलस्टॉकचा (जॉबच्या दुसऱ्या टोकाचा) आधार नसेल तर जॉब व्यासाच्या तिप्पटीपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फोर जॉ चकमध्ये किंवा फेस प्लेटवर (जॉब बोल्टने बांधायच्या सपाट तबकडीवर) वेडंवाकडं कास्टिंग बांधलं असेल तर समोर वजन लावून तोल साधा, कमी आरपीएमवर सुरू करा, आणि त्याआधी चक हाताने एक पूर्ण फेरी फिरवून टूलपोस्टला (टूल धरणाऱ्या भागाला) कुठे लागत नाही ना बघा. जुन्या पद्धतीच्या आट्यांच्या स्पिंडलवर एकदम रिव्हर्स मारला तर चकच सुटून बेडवर येतो. तुमचा लेथ कोणत्या प्रकारचा आहे हे आमचा माणूस मशीन बसवताना दाखवेल. त्या वेळी ऑपरेटर हजर असू द्या.

लांब बार स्पिंडलमधून मागे बाहेर येतो, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. आधाराशिवायचा बारीक बार वेग वाढताच वाकतो आणि मागून जाणाऱ्याला मारतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमात, कोणते भाग झाकायचे हे सांगताना लेथच्या हेडस्टॉकबाहेर (स्पिंडल बसवलेल्या भागाबाहेर) आलेल्या बारचा मुद्दाम वेगळा उल्लेख होता; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. बार कापून घ्या, नाहीतर मागे स्टँड आणि पाइपचं आवरण लावा.

लाइट गेली की

पुष्कळ ठिकाणी लेथ नुसत्या रिव्हर्स-फॉरवर्ड स्विचवर जोडलेला असतो. लाइट जाते, ऑपरेटर स्विच तसाच सोडतो, जॉब मोजायला किंवा टूल काढायला हात आत घालतो. लाइट येते आणि मशीन आपणहून फिरू लागतं. नो-व्होल्ट कॉइल असलेल्या स्टार्टरमध्ये असं होत नाही: सप्लाय गेला की कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटरचा स्विच) सुटतो आणि बटन दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. मात्र सारखं ट्रिप होतं म्हणून कुणी त्यात काडी खुपसली किंवा कॉइल डायरेक्ट केली, तर तो स्टार्टर असून नसल्यासारखा. ट्रिप होतंय तर कारण शोधा: ओव्हरलोड रिलेचं सेटिंग, सैल वायर, एखादा फेज जाणं. तरीही लाइट गेली की स्विच न्यूट्रलला आणणं ही सवय हवीच. बेल्ट किंवा गिअर बदलताना मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात ठेवा.

बुरा आणि डोळे

एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बुरा, म्हणजे कापताना निघणारी धातूची साल, लांबच लांब निघतो, गरम असतो आणि धार पात्यासारखी. हाताने ओढू नका. मशीन थांबवून आकड्याने काढा. तो मुळात तुटून पडावा यासाठी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) थोडा वाढवा किंवा टूलला चिप ब्रेकर (बुरा तोडणारी खाच) घासून घ्या. बिडाच्या कास्टिंगचा बुरा बारीक असतो. तो हवेच्या प्रेशरने उडवला की शेजारच्याच्या डोळ्यात जातो, ब्रशच वापरा. पितळेचा बुरा उडतो तो सरळ चेहऱ्याच्या दिशेने, त्यामुळे चष्मा प्रत्येक कामाला लागतोच.

डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळू नका, आणि काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढणाऱ्या मित्राला थांबवा. नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि कण लोखंडाचा आहे हे सांगा.

बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, १०८ ला फोन लावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. भाग थेट बर्फावर ठेवला तर तो जोडण्यालायक राहत नाही.

मालकांना एक स्पष्ट सांगतो. नगावर पैसे ठरलेले असले की ऑपरेटर मायक्रोमीटर लावायला मशीन थांबवत नाही, कारण थांबण्यात त्याचे पैसे जातात. मोजण्याचा, बुरा काढण्याचा, जॉब तपासण्याचा वेळ दर ठरवतानाच धरा. चष्मा आणि टोपीचा खर्चही तुमचाच आहे.

चावीची स्प्रिंग, चकचं कव्हर, बेल्ट गार्ड हे भाग आमच्याकडे स्टॉकमध्ये असतात. स्टार्टरची जोडणी बरोबर आहे का अशी शंका असेल, तर पॅनेल उघडण्याआधी मेन स्विच बंद करून आतला फोटो पाठवा. मशीन आमच्याकडचं नसलं तरी पाठवा.