आतड्याचे अपूर्ण वलन

गर्भावस्थेत आतडे पोटात नेहमीप्रमाणे न वळल्याने राहणारा जन्मजात दोष. या दोषामुळे आतड्याला पीळ पडून ते बंद होऊ शकते, आणि तसे झाल्यास नवजात बाळाच्या बाबतीत एक-एक तास मोलाचा ठरतो.

गर्भाच्या सुमारे सहाव्या आठवड्यात आतडे इतक्या वेगाने वाढते की ते पोटात मावेनासे होऊन नाळेच्या मुळाशी बाहेर सरकते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत येऊ लागते. या प्रवासात ते आपल्याच मुख्य रोहिणीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने २७० अंश वळते. त्यामुळे आद्यांत्राचा, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा, शेवट कण्याच्या डावीकडे वर, तर लहान आतड्याचा शेवट उजव्या कुशीत खाली स्थिरावतो, आणि आतड्याला धरून ठेवणारा आंत्रबंध या दोन टोकांमध्ये तिरपा व रुंद पसरतो. या रुंदीमुळेच आतडे सहसा पिळले जात नाही. वलन अर्धवट राहिले की दोन्ही टोके जवळ येतात, आंत्रबंधाचा पाया देठासारखा अरुंद होतो आणि त्यावर लोंबणारे बहुतेक सगळे लहान आतडे स्वतःभोवती फिरू शकते. अशा वेळी अन्नाची वाट तर बंद होतेच, शिवाय देठातील रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन काही तासांत आतडे मरू लागते.

निम्म्याहून अधिक रुग्णांत हा विकार पहिल्या महिन्यातच प्रकट होतो. त्याची मुख्य खूण म्हणजे हिरवी उलटी. मराठीत आम्लपित्तालाही नुसते ‘पित्त’च म्हणतात, म्हणून येथे स्पष्ट केले पाहिजे की हा हिरवा रंग यकृतातून येणाऱ्या पित्तरसाचा असतो, बाळ पाजल्यावर दूध काढते त्याच्याशी याचा संबंध नाही. सुरुवातीला पोट मऊ असते आणि बाळ ठीक दिसते, ही यातील सर्वांत फसवी गोष्ट आहे. पोट फुगणे व शौचावाटे रक्त जाणे ही उशिराची लक्षणे होत.

निदानासाठी क्ष-किरणात दिसणारे द्रव्य पाजून आद्यांत्र कोठे संपते ते पाहतात. सोनोग्राफीत पिळलेल्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या दिसतात. बाळ अत्यवस्थ असेल तर तपासण्यांत वेळ न घालवता पोट उघडणेच योग्य.

बॉस्टनचे शल्यविशारद विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये वर्णिलेली शस्त्रक्रिया आजही केली जाते. पीळ उलट दिशेने सोडवतात, आद्यांत्रावर दाब देणारे ऊतींचे पट्टे कापतात, आंत्रबंध रुंद करतात आणि लहान आतडे उजवीकडे, तर मोठे डावीकडे ठेवतात. अपुरे वलन यात पूर्ण केले जात नाही. अपेंडिक्स आता डाव्या बाजूला जाते आणि पुढे तेथे दुखल्यास निदान चुकू शकते, म्हणून ते बहुधा त्याच वेळी काढून टाकतात.