फुजिवारा नो यासुमासा गेक्का रोतेकी झु

जपानी चित्रकार त्सुकिओका योशितोशी (१८३९–९२) याचे तीन पत्रांचे (शेजारी मांडलेल्या तीन कागदांचे) रंगीत काष्ठमुद्राचित्र, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेले चित्र. चांदण्या रात्री माळावरून बासरी वाजवत चाललेला हेइआन काळातील (७९४–११८५) सरदार फुजिवारा नो यासुमासा (९५८–१०३६) आणि तलवारीच्या मुठीवर हात ठेवून मागे दबा धरलेला हाकामादारे हा दरोडेखोर, असा याचा विषय आहे. यासुमासा हा कवयित्री इझुमी शिकिबू हिचा पती.

चित्रावरील लेखात १८८२ च्या शरदातील चित्रप्रदर्शनाचा उल्लेख असल्याने काही सूचींत तेच वर्ष दिलेले आढळते. तो उल्लेख प्रदर्शनात मांडलेल्या मूळ चित्राचा आहे. मुद्राचित्र आकियामा बुएमोन या प्रकाशकाने १८८३ च्या आरंभी काढले, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

कथा कोंजाकू मोनोगातारीशू (बहुधा बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) आणि उजी शूई मोनोगातारी (तेराव्या शतकाचा आरंभ) या दोन्ही जपानी कथासंग्रहांत येते. थंडीच्या तोंडावर हाकामादारेला कपड्यांची गरज पडते. मध्यरात्री रस्त्याने एकटाच बासरी वाजवत जाणारा, उंची वस्त्रे ल्यालेला माणूस त्याला दिसतो. तो पाठलाग करतो, मुद्दाम पावले वाजवतो; सूर काही थांबत नाही. अखेर यासुमासा वळून ‘कोण तू?’ एवढेच विचारतो आणि चोराचे अवसान गळते. यासुमासा त्याला घरी नेऊन जाड कापडी अंगरखा देतो. घराणे योद्ध्यांचे नसूनही हा पुरुष कोणत्याही योद्ध्याहून उणा नव्हता, असे कोंजाकूचा संकलक नोंदवतो.

या दरोडेखोराच्या ओळखीविषयी मतभेद आहेत. यासुमासाचा धाकटा भाऊ यासुसुके हाही कुख्यात लुटारू होता. ९८८ मध्ये तो कैदेत मरण पावला. पुढील परंपरेने दोघांना एक करून ‘हाकामादारे यासुसुके’ हे नाव रूढ केले. मात्र कोंजाकूमध्ये अशा नात्याचा मागमूस नाही. त्यातील दुसऱ्या कथेत हाकामादारे रस्त्याकडेला उघडाबोडका पडून मेल्याचे सोंग करतो आणि धनुष्याने डिवचणाऱ्या घोडेस्वाराला ठार करून त्याचे कपडे पळवतो. तो सरदारपुत्र असल्याचा इशारा तिथेही नाही. शिवाय सख्ख्या भावाला ‘कोण तू?’ असे विचारण्यात कथेची सगळी हवाच निघून जाते. दोन वेगळ्या व्यक्ती मानणारा पक्ष त्यामुळे बळकट ठरतो.

स्थळाचेही तसेच. मूळ कथेत रस्ता आणि धूसर चंद्र आहे, माळ नाही. चित्राचे स्थळ मानला जाणारा इचिहारा माळ हा किदोमारू या दुसऱ्या लुटारूच्या, मेलेल्या बैलाच्या कातड्याआड दडण्याच्या कथेतून इकडे आला असावा. योशितोशीने तो माळ घेतला, चंद्र पूर्ण केला आणि वाऱ्याने वाकलेले उंच गवत भरले. वारा यासुमासाच्या बाह्या फडफडवतो. बासरी धरलेले हात मात्र स्थिर आहेत.

तिन्ही पत्रे स्वतंत्र ठशांवरून छापून शेजारी मांडली जातात, त्यामुळे आकाशाची छटा पत्रागणिक जुळवणे ही छापणाऱ्याची कसोटी असते. ओल्या ठशावर रंग पुसत नेऊन ही उतरती छटा साधतात. चांगल्या प्रतींत ढगांची कड जवळजवळ जाणवत नाही.

आकियामानेच पुढे योशितोशीची त्सुकी ह्याकुशी ही शंभर चित्रांची चंद्रमालिका (१८८५–९२) प्रसिद्ध केली. तिच्यातील सुझाकू दरवाजाच्या (क्योतोतील राजवाड्याचे दक्षिणेकडील प्रवेशद्वार) चित्रातही बासरी आहे. तेथील वादक हेइआन दरबारातील सरदार व संगीतकार मिनामोतो नो हिरोमासा.