निसर्गशिक्षण, सातारा जिल्ह्यातील

वर्गाच्या भिंतींबाहेर, माळ, जंगल, तळे, ओढा आणि शिवार यांच्या प्रत्यक्ष सान्निध्यात, तेथील जाणकारांच्या सोबतीने आपल्या परिसराची ओळख करून घेण्याच्या रीतीला निसर्गशिक्षण म्हणतात. सातारा जिल्ह्यात ही रीत केवळ शाळांच्या सहलींपुरती मर्यादित नाही. पठारावरील गावकरी, वनविभाग, अभ्यासक, गिर्यारोहक आणि पाणलोटाची कामे करणारी गावे अशा अनेकांच्या हातून ती घडत आली आहे.

या शिक्षणाला जिल्ह्याची भूरचनाच अनुकूल आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे फळ्यावर आकृती काढून सांगता येते; पण सकाळी यवतेश्वरच्या घाटात धुक्यात भिजलेल्या मुलाला त्याच दिवशी दुपारी माणदेशातील कोरडा माळ दिसला, तर ते त्याला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेले कास पठार हे जिल्ह्यातील सर्वांत समृद्ध शिक्षणस्थळ होय. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कासचा अंतर्भाव आहे. येथे ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. लोक येथे फुले पाहायला येतात, परंतु शिकण्यासारखी पहिली गोष्ट पायाखाली असते. बसाल्टवर जांभ्याचा कठीण थर, त्यावर जेमतेम वीतभर किंवा त्याहूनही कमी माती आणि त्यात मुरू न शकणारे पावसाचे पाणी, अशा ठिकाणी झाडे मूळ धरू शकत नाहीत. म्हणून पावसाळ्यापुरते जगून बी धरणाऱ्या लहान वनस्पतींचे येथे राज्य असते. मातीत नत्राची उणीव असल्याने काही वनस्पती ती कीटकांकडून भरून काढतात. ‘सीतेची आसवं’ या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले हजारोंच्या संख्येने एकत्र डोलतात, तेव्हा त्यांच्या ओल्या मातीत दडलेल्या इवल्या फुगोट्या सूक्ष्म जीव आत ओढून घेत असतात, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही. शेजारीच दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंब भिंगातून पाहिले, तर एखादी चिलटाएवढी माशी त्यांत अडकलेली दिसते. उथळ डबक्यांत उगवणाऱ्या वायतुऱ्याचा तुरा टोकाशी दुभंगून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या शास्त्रीय नावातही साताऱ्याचे नाव आहे. टोपली कारवी साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे दुसरीत असताना तिचा बहर पाहिलेल्या मुलाला तो पुन्हा पाहायला मिळतो, तेव्हा ते नववीत गेलेले असते.

कासवरील व्यवस्था परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत चालते. तेथील मार्गदर्शक हे याच गावांतील रहिवासी आहेत आणि पठारावर कोणते फूल कोणत्या आठवड्यात कोठे येईल, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून ठाऊक असते. पर्यटकांची गर्दी आवरण्यासाठी मध्यंतरी पठाराला कुंपण घालण्यात आले होते. गुरांच्या चराईवर त्याचा काय परिणाम होतो आणि चराई थांबल्यामुळे गवत वाढून फुले कमी होतात का, यावर बराच वाद झाला व पुढे ते काढण्यात आले. माळ राखणे म्हणजे माणसाला व गुरांना सरसकट दूर ठेवणे नव्हे, हा या वादातून पुढे आलेला विचार फुलांच्या नावांइतकाच मोलाचा आहे, आणि तो येथे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायला हवा.

चाळकेवाडीचे पठार पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात येथील खडकांवर बसलेला नर सरडा गळ्याखालची निळी, काळी व नारिंगी पडदी पंख्यासारखी फुलवतो. २०१६ मध्ये या सरड्यांच्या गटाला ‘सारडा’ असे शास्त्रीय नाव देण्यात आले, ते ‘सरडा’ या मराठी शब्दावरूनच. याच पठारावर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे एक चतुर्थांशच उरतात. परिणामी सरड्यांची संख्या वाढते आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नाहीत. अन्नसाखळीतील वरचा दुवा सैल झाला की खाली काय घडते, याचे इतके स्पष्ट आणि घराजवळचे उदाहरण क्वचितच सापडते. प्रदूषणमुक्त ऊर्जेचीही किंमत असते, हेही त्यातून कळते.

प्रौढांच्या निसर्गशिक्षणाचे ठळक उदाहरण जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात आढळते. गावांनी पाणी अडवण्याची कामे करण्याच्या, २०१६ च्या पहिल्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक मिळवला. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवायची, त्या रेषेवर फक्की टाकायची आणि उताराला आडवे सलग समतल चर खोदायचे, हे तंत्र शेतकरी स्त्री-पुरुषांनी शिवारात उभे राहून शिकले. शिवारफेरीत ओढ्याचा उगम, मातीचा प्रकार आणि वाहून जाणारे पाणी नव्या नजरेने पाहिले गेले.

श्रम आणि शिक्षण यांची सांगड साताऱ्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेत शेतीकाम हा शिक्षणाचाच भाग होता. आज प्राथमिक शाळांत परिसर अभ्यास हा विषय आहे. तो पुष्कळदा पुस्तकातूनच उरकला जातो, ही मात्र खेदाची बाब होय.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडणाऱ्या कोयना अभयारण्यातील वासोटा किल्ल्याची वाट बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने व वनविभागाच्या परवानगीने सुरू होते. तेथे मुक्कामाला मनाई आहे आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य उजाड डोंगरावर माणसांनी उभे केलेले जंगल म्हणून अवश्य पाहण्यासारखे आहे. खटाव तालुक्यातील मायणी तलाव व येरळवाडीच्या पाणथळीवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, मात्र पाणी फार खोल असल्यास त्यांना चरता येत नाही व ते दुसरीकडे जातात. राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी तो सुरू होतो आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिनी संपतो. रोहित पाहायचे असल्यास त्यानंतरही, पाणी ओसरेपर्यंत, तळ्याकाठी पुन्हा पुन्हा जावे लागते.