लिनक्स : बूट होताना नेटवर्कसाठी होणारा खोळंबा

लिनक्सचा संगणक सुरू होताना नेटवर्क जोडले जाण्याची वाट पाहत अर्ध्या मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत अडकून राहतो, ही जुनी तक्रार आहे. पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ ही ओळ येते आणि तिच्या शेजारी सेकंद वाढत राहतात. बहुतेक वेळा नेटवर्क बिघडलेले नसतेच. कोणत्या तरी सेवेने (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ‘नेटवर्क पूर्ण जोडले गेल्याशिवाय मी पुढे जाणार नाही’ अशी अट घातलेली असते, आणि ती अट कोणाची हे शोधणे हेच खरे काम असते.

बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या, २०१० मध्ये आलेल्या सिस्टमडी या प्रोग्रॅममध्ये दोन टप्पे वेगळे मानले आहेत. ‘नेटवर्क टार्गेट’ म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला, एवढेच. ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ म्हणजे जोडणी वापरण्याजोगी झाली. खोळंबा होतो तो दुसऱ्या टप्प्यात.

हा खोळंबा किती वेळाने सुटला, यावरून बरेच कळते. अर्ध्या किंवा एका मिनिटाने सुटला तर नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची वाट पाहणारी सेवा असण्याचा संभव जास्त. साधारण दोन मिनिटांनी सुटला तर सिस्टमडी-नेटवर्कडी, म्हणजे हेच काम करणारा सिस्टमडीचा स्वतःचा प्रोग्रॅम. तेथे पडद्यावर ‘नो लिमिट’ दिसले तरी घाबरू नये, कारण वाट पाहणारा प्रोग्रॅम स्वतःच १२० सेकंदांनी माघार घेतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकारातल्या जुन्या धाटणीच्या नेटवर्क-मांडणीत मात्र पाच मिनिटेही जातात.

‘सिस्टमडी-अनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा कोणत्या सेवेला किती वेळ लागला ते उतरत्या क्रमाने दाखवते. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि यादीतली पहिली सेवा बंद करून टाकतात. हे चुकीचे आहे. सेवा एकाच वेळी सुरू होत असतात, त्यामुळे यादीत वरती असलेली सेवा कोणालाच अडवत नसेल, असेही होते. खरी साखळी ‘क्रिटिकल-चेन’ दाखवते. त्यानंतर ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेन्डन्सीज’ला ‘रिव्हर्स’ हा पर्याय देऊन नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट कोणी मागितले ते पाहावे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे मूलभूत धडे मराठीतही ऐकायला मिळतात. टर्मिनलची (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीची) सवय नसलेल्याने तिथून सुरुवात करावी.

मुंबईतल्या लहान कार्यालयांत एक कारण नेहमीचे. सकाळी शटर वर गेले, मेन स्विच टाकला की राउटर आणि संगणक एकदमच सुरू होतात. संगणक डीएचसीपीने (नेटवर्कवरचा पत्ता आपोआप मिळवण्याच्या पद्धतीने) राउटरकडे पत्ता मागतो तेव्हा राउटर अजून स्वतःच उभा राहत असतो. उत्तर आले नाही की पुढची मागणी आधी सुमारे ४ सेकंदांनी, मग ८, मग १६ अशी दुपटीच्या अंतराने जाते. राउटर तयार झाला तरी संगणक पुढच्या पाळीपर्यंत गप्प बसतो. हे पडताळायला ‘जर्नलसीटीएल’ या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने या बूटपुरत्या नेटवर्कमॅनेजरच्या नोंदी काढाव्यात. केबल जोडल्याची नोंद किती वाजता, डीएचसीपीची सुरुवात किती वाजता आणि पत्ता मिळाला किती वाजता, या तीन वेळा समोरासमोर ठेवल्या की दोष कुठे ते उघड होते. पहिल्याच नोंदीला उशीर असेल तर ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा केबल तपासावी. शेवटच्या दोन नोंदींत अंतर असेल तर राउटरकडे पाहावे. राउटरला छोटा यूपीएस लावणे किंवा संगणकाला स्थिर पत्ता देणे, हे दोन्ही उपाय चालतात.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या जुन्या सर्व्हरला दोन-दोन लॅन पोर्ट असतात आणि केबल एकालाच लावलेली असते. सिस्टमडी-नेटवर्कडी मात्र सांभाळायला दिलेल्या सगळ्या पोर्टांची वाट पाहते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात नेटवर्कची मांडणी लिहिलेल्या नेटप्लॅन फाइलमध्ये रिकाम्या पोर्टाखाली ‘ऑप्शनल : ट्रू’ लिहिले की दोन मिनिटे वाचतात.

कधी दोष नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या स्विचमध्ये असतो. स्पॅनिंग ट्री (जोडणीत वर्तुळ होऊ न देणारी सोय) चालू असलेला जुन्या पद्धतीचा स्विच नव्याने जोडलेल्या पोर्टावर १५ अधिक १५ सेकंद वाहतूक रोखतो. संगणक लागलेला पोर्ट स्विचच्या मांडणीत ‘एज पोर्ट’ (ज्याच्या पुढे दुसरा स्विच नाही असा पोर्ट) म्हणून नोंदवला की हे संपते.

वाट पाहणारी सेवा सरसकट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घरच्या लॅपटॉपवर त्याने सहसा काही अडत नाही. पण एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्क-फोल्डरांच्या यादीत) एनएफएस फोल्डर, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातला फोल्डर असेल, किंवा डेटाबेस ठरावीक आयपीवरच सुरू होत असेल, तर बूट लवकर होईल, पण फोल्डर रिकामा दिसेल किंवा डेटाबेस सुरू होणार नाही. एफएसटॅबमधल्या अशा फोल्डरच्या ओळीत ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हे पर्याय घालावेत. मग तो पहिल्यांदा उघडला जाईल तेव्हाच जोडला जातो आणि लॉगिनचा पडदा त्याच्यासाठी अडून राहत नाही.