तिळातिळाने वाढणाऱ्या दिवसाचा आलेख

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे तपासून पाहायला एक आलेखाचा कागद आणि इंदूरच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पुरतात. वेळा मात्र इंदूरच्याच घ्या. घरात मुंबईचं पंचांग असेल, तर इंदूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे नुसत्या रेखांशापायीच बारा मिनिटांचा फरक पडतो.

आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर दिनमान. इंदूरचा सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास, सगळ्यात लहान पावणेअकरा तासांचा. बिंदू जोडले की एक गोलसर टेकडी आणि तशीच गोलसर दरी उमटते. हीच साइनची वक्ररेषा. काटेकोर बोलायचं तर तिच्या अगदी जवळची, पण इंदूरच्या अक्षांशावर तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

खरी गंमत तिच्या चढात आहे. 22 डिसेंबरच्या आगेमागे रेषा जवळपास आडवी असते, दिवस रोज काही सेकंदांनीच बदलतो. 14 जानेवारीपर्यंत ही भर रोज अर्ध्या मिनिटाच्या वर गेलेली असते आणि मार्चच्या विषुवदिनाला सव्वा मिनिटाच्या थोडी वर जाते. तेव्हा तीळच मोजायचे तर ते डिसेंबरअखेरीस मोजावेत! पण म्हणणाऱ्यांनाही दोष देता येत नाही. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचं उत्तरेकडे वळणं आणि मकर संक्रमण एकाच सुमारास होत असे. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्यामुळे, दोन्ही एकमेकांपासून सरकत गेले.

आलेखाला हाच आकार का? आकाशपाळण्यात बसल्याची कल्पना करा. पाळणा एकसारख्या वेगाने फिरतोय. तुम्ही आसाच्या उंचीवर असता तेव्हा सरळ वर चढत असता, आणि अगदी माथ्यावर पोचता तेव्हा चढणं थांबून नुसते आडवे सरकत असता. आसापासूनची तुमची उंची भागिले पाळण्याची त्रिज्या, म्हणजे साइन. आडवं अंतर घेतलं तर कोसाइन. तिचा आलेख तोच, फक्त पाव फेरी पुढे सरकलेला. आसाच्या खाली गेलात की साइन ऋण. फेरी पूर्ण झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शाळेत हे उलट्या क्रमाने येतं, असं मला वाटतं. आधी काटकोन त्रिकोण आणि ‘समोरची बाजू भागिले कर्ण’ पाठ करून घेतात, आणि पुढे एक दिवस अचानक 210 अंशांची साइन विचारतात. त्रिकोणात 210 अंश मावणार कुठे? वर्तुळात मात्र ते आरामात मावतात.

आता कोन मोजण्याबद्दल. फेरीचे 360 भाग ही सोय आहे. 360 ला पुष्कळ संख्यांनी भाग जातो आणि तो वर्षाच्या दिवसांच्या जवळपासही आहे, पण वर्तुळाला स्वतःला या आकड्याशी काही देणंघेणं नाही. वर्तुळाचं स्वतःचं माप म्हणजे त्याची त्रिज्या. त्रिज्येएवढा दोरा परिघावर ठेवला की केंद्राशी जो कोन होतो तो एक रेडियन, सुमारे 57.3 अंश. अकरावीत तो येतो तेव्हा परका पाहुणा वाटतो. तसा तो नाही.

आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास ‘ज्यां’चं (ज्या म्हणजे साइन गुणिले त्रिज्या) कोष्टक दिलं, त्यात त्रिज्या 3438 धरली आहे. आकडा विचित्र वाटतो, पण परिघाचे 360 गुणिले 60, म्हणजे 21,600 कला केल्या, तर त्याच मापाने त्रिज्या 3438 कला भरते. तिला 60 ने भागा, 57.3 येतात! नाव रेडियनचं नसलं, तरी कल्पना तीच: कंस आणि त्रिज्या एकाच पट्टीने मोजायची. याचा फायदा कोष्टकात लगेच दिसतो. पहिला कोन 225 कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा, आणि त्याची ज्याही 225. कोन लहान असला की साइन आणि कोन जवळजवळ एकच, पण कोन अशा मापात मोजला तरच. पुढे आर्यभट ज्या देत नाही, त्यांच्यातले फरक देतो: 225, 224, 222, 219, 215… आणि शेवटी 51, 37, 22, 7. आधी भराभर वाढ, माथ्याशी तिळातिळाने. आलेख न काढताही त्याचा अख्खा चढ या 24 आकड्यांत आहे. सगळ्यांची बेरीज करून पाहा, बरोबर 3438 येते.

उरला टॅन, म्हणजे साइन भागिले कोसाइन. तो पाहायला गच्ची बरी. मीटरभर काठी ओळंब्यात उभी करा. सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून जितका कललेला, त्या कोनाचा टॅन म्हणजे मीटरमध्ये सावलीची लांबी. दुपारी ती हळूहळू वाढते, मग भरभर, आणि सूर्य क्षितिजाला टेकताना गच्ची कितीही मोठी असली तरी पुरत नाही. टॅनचा आलेख 90 अंशांपाशी कागदाबाहेर पळतो तो असा.

विषुवदिनी माध्यान्हीची सावली स्थळाच्या अक्षांशाचा टॅन असते. इंदूरचा अक्षांश 22.7 अंश, म्हणून सावली 42 सेंटिमीटर. जुने ज्योतिषी हीच सावली बारा अंगुळांच्या शंकूने, म्हणजे उभ्या खुंटीने, मोजत आणि तिला पलभा म्हणत. इंदूरची पलभा पाच अंगुळं. डिसेंबरअखेरीस मात्र माध्यान्हीची सावली काठीहूनही जराशी लांब असते, 104 सेंटिमीटर. माध्यान्ह घड्याळातल्या बाराला धरू नका. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, इंदूर तिच्या साडेसहा अंशांहून जास्त पश्चिमेला, म्हणून इथला सूर्य साधारण साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो.

कर्कवृत्त इंदूरच्या थोडं उत्तरेला जात असल्यामुळे वर्षातून दोनदा, जून आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांत, ही सावली पूर्ण नाहीशी होते. आभाळ मोकळं असेल तर, कारण जुलैत पावसाळा असतो. ग्वाल्हेरकरांना ही संधी नाही. 26.2 अंशांवर 21 जूनलाही मीटरभर काठीची पाच सेंटिमीटर सावली उरतेच.