जंत आणि हूकवर्म: दम्याच्या बाबतीत दोघांना एका मापाने मोजू नका

पोर रात्री दात खायला लागलं की घरातलं निदान तयार असतं: ‘जंत झालेत.’ या एका शब्दात आपण किमान दोन वेगळे जीव कोंबतो. पुढे ‘पोटात जंत असले की दमा, ॲलर्जी होत नाही’ असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न हवा: कुठला जंत?

एक ॲस्केरिस. मातीतली त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून, नखांतून पोटात जातात. पूर्ण वाढला की तो वीतभर किंवा त्याहून लांब होतो. दुसरा हूकवर्म, आपल्या पुस्तकांतला अंकुशकृमी. हा जेमतेम सेंटीमीटरभर. बहुधा अनवाणी पावलांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. दोघांच्या अळ्या आतड्यात स्थिरावण्याआधी फुप्फुसातून जातात, म्हणून दम्याशी त्यांचं नातंही सारखंच असेल असं वाटतं.

तसं ते नाही. २००६ साली ३३ अभ्यास एकत्र तपासले गेले. हूकवर्म असलेल्यांत दम्याची शक्यता जवळपास निम्मी दिसली. ॲस्केरिस असलेल्यांत उलट सुमारे एक तृतीयांशाने जास्त!

ॲस्केरिसच्या बाबतीत एक कारण पटण्यासारखं आहे. त्याच्या स्नायूंतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन धुळीतल्या माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) आणि झुरळांच्या प्रथिनाशी खूप जुळतं. जंताविरुद्ध तयार झालेली आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं मग धुळीवरही तुटून पडू शकतात. हूकवर्म मात्र वर्षानुवर्षं मुक्काम करतो, आणि तो टिकवण्यासाठी यजमानाची प्रतिकारशक्ती थंड ठेवतो. तिला आवर घालणाऱ्या टी-रेग पेशी वाढवतो.

मग हूकवर्म हेच औषध का नाही? करून पाहिलंय. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला दम्याच्या ३२ रुग्णांपैकी निम्म्यांच्या कातडीवर १० अळ्या सोडल्या. ठोस फायदा दिसला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते; त्याच्या ७१ रुग्णांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली आले: २५ अळ्या दिलेल्यांत टी-रेग पेशी वाढल्या, पण मेंदूतले नवे डाग लक्षणीय कमी झाले नाहीत. मला हे संशोधन मोलाचं वाटतं, कारण अळीच्या स्रावांतला नेमका रेणू सापडला तर अळीची गरजच उरणार नाही.

तोवर रक्तक्षय करणारा हा किडा पोरांच्या पोटात ठेवायला काहीच कारण नाही. १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत मिळणारी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी दोघांवरही चालते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून पाण्यातून.