सागरी हिमशैवले व त्यांची गंधकयुक्त संयुगे

सागरी हिमशैवले : ध्रुवीय प्रदेशांतील गोठलेल्या समुद्रात, बर्फामधील खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्यांत आणि बर्फाच्या तळाशी वाढणारी सूक्ष्म शैवले. त्यांत करंडक वनस्पती (डायाटम) सर्वाधिक असतात. फिओसिस्टिससारखी इतर शैवलेही आढळतात. मराठवाड्यात बारवेच्या पायऱ्यांवर धरणारे शेवाळ हिरवे असते. हिमशैवले मात्र फ्यूकोझँथिन या रंगद्रव्यामुळे तपकिरी दिसतात. उंच पर्वतांवरील बर्फाला लाली आणणारी शैवले वेगळी असून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

ध्रुवीय बर्फाचा तपकिरी रंग सजीवांमुळे येतो हे प्रथम कोणी ओळखले याविषयी एकमत नाही. जर्मन निसर्गवैज्ञानिक एरेनबेर्ख यांनी ध्रुवीय बर्फातील करंडकांची वर्णने साधारणतः १८४० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केली. ब्रिटिश वनस्पतिवैज्ञानिक जोसेफ डाल्टन हूकर यांनी ‘एरेबस’ व ‘टेरर’ या जहाजांच्या मोहिमेत (१८३९–४३) दक्षिणेकडील बर्फावरचा हा रंग प्रत्यक्ष पाहिला आणि तो करंडकांचा असल्याचे नोंदवले. छापील वर्णनांपुरते पाहिले तर एरेनबेर्ख यांचा मान आधीचा ठरतो. तथापि हूकर यांनी जमवलेले नमुने एरेनबेर्ख यांच्याकडेच तपासणीसाठी गेले होते. त्यामुळे जागेवरचे निरीक्षण अधिक मोलाचे मानून हूकर यांना निदान बरोबरीचे श्रेय देणे रास्त वाटते.

समुद्राचे पाणी सु. –१·८° से. तापमानाला गोठते. बर्फाच्या स्फटिकात मीठ सामावत नाही, ते बाहेर ढकलले जाते आणि उरलेली दाट मिठवणी बर्फातल्या नळ्यांत अडकते. समुद्राची लवणता हजारी सु. ३५ असते, –१०° से.ला या मिठवणीची लवणता हजारी १४० च्या वर जाते. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागला की त्याच नळीत जवळजवळ गोडे पाणी येते. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात पाणी साचून क्षार वर आलेली, पांढरी फुटलेली जमीन मराठवाड्यातील वाचकाला ठाऊक असते. तेथे ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. हिमशैवलापुढची अडचण मुळात तीच आहे, फक्त कितीतरी पट तीव्र.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे डायमिथिलसल्फोनिओप्रोपिओनेट (डीएमएसपी) हे गंधकयुक्त संयुग होय. मेथिओनीन या ॲमिनो अम्लापासून शैवले ते तयार करतात. पेशीत ते साठले की बाहेरची मिठवणी पेशीतले पाणी खेचून घेऊ शकत नाही आणि आतल्या प्रथिनांनाही बाधा होत नाही. दक्षिण ध्रुवीय हिमशैवलांतील डीएमएसपीची नोंद किर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये केली. क्षारता आणि गोठण या दोन्हींपासून ते रक्षण करत असावे, असा त्यांचा कयास होता. फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस या हिमकरंडकाला ३५ ऐवजी ७० लवणतेच्या पाण्यात नेले असता पेशीतील डीएमएसपी वाढते, असे २०११ मधील प्रयोगात दिसले. तरीही एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. सुंडा व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे मांडले की, डीएमएसपी व त्याच्या विघटनातून निघणारे पदार्थ पेशीतील घातक ऑक्सिजन-मूलकांना निष्प्रभ करतात. वसंतात बर्फ पातळ होऊन अंधारातल्या पेशींवर एकाएकी ऊन पडते, तेव्हा हे काम फार महत्त्वाचे ठरेल. तिसरे मत नायट्रोजनाच्या टंचाईवर बोट ठेवते. प्रोलीन व ग्लायसीन बीटेन या क्षाररोधक पदार्थांत नायट्रोजन लागतो, डीएमएसपीमध्ये लागत नाही. आणि समुद्रात सल्फेट तर मुबलक असते. ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. क्षारता हे मूळ कारण व बाकीची कामे नंतर जडलेली, असे समजणे सध्या अधिक सयुक्तिक दिसते.

डीएमएसपी ही केवळ समुद्राची मिरास नाही. जमिनीवरच्या अगदी थोड्या वनस्पती ते साठवतात आणि ऊस त्यांपैकी एक आहे. १९९४ मध्ये उसाच्या व त्याच्या जवळच्या जातींच्या तपासणीतून हे पुढे आले. तृणकुलातील इतर पिकांत ते तसे साठत नाही. ज्वारी कोरड ओढवली की प्रोलीन व ग्लायसीन बीटेनवर भागवते. लातूर-धाराशिवच्या शिवारात ज्वारी आणि ऊस शेजारी उभे असतात, तेव्हा ध्रुवीय बर्फातल्या शैवलाचे रसायनदृष्ट्या नाते उसाशी जुळते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

मोजणीची पद्धत येथे सांगणे आवश्यक आहे, कारण जुन्या आकड्यांतला घोळ तिच्यातून आलेला आहे. पोकळ गिरमिटाने काढलेला बर्फाचा दंड आडवा ठेवला की वरचा भाग दुधी दिसतो आणि तळाचे चार-पाच सेंमी. कोऱ्या चहाच्या रंगाचे. हा तुकडा तसाच वितळू दिला तर पेशी गोड्या पाण्यात फुटतात, डीएमएसपी बाहेर पडते आणि जीवाणू ते लगेच वापरू लागतात. नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातले की डीएमएसपीपासून डायमिथिल सल्फाइड (डीएमएस) वायुरूपात सुटते व ते वायुवर्णलेखकाने (मिश्रणातील वायू वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाने) मोजतात. समुद्राच्या पृष्ठजलात डीएमएसपी सामान्यतः लिटरला काही दहा नॅनोमोल असते. बर्फाच्या तळथरात ते हजारापलीकडे गेल्याची मापने आहेत. करंडक एरवी या संयुगाचे कमी उत्पादक मानले जातात, परंतु या थरात त्यांची दाटीच एवढी असते.

डीएमएसचा वास घरोघरी माहीत आहे : कोबी शिजताना किंवा मक्याची कणसे उकडताना येतो तो. त्याचा उत्कलनबिंदू सु. ३७° से. आहे, मे महिन्यातल्या परभणीत ते उघड्या बशीत द्रवरूपात टिकणार नाही. नद्या जमिनीवरचे गंधक समुद्रात वाहून नेतात. गोदावरीही सल्फेट बंगालच्या उपसागराला देते. ते समुद्रातून जमिनीवर परत कसे येते याचे उत्तर लव्हलॉक व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये डीएमएसच्या रूपाने दिले. त्याआधी हायड्रोजन सल्फाइडकडे हे काम आहे, असे धरले जाई.

चार्लसन, लव्हलॉक, आन्द्रेए व वॉरन यांनी १९८७ मध्ये असे गृहीतक मांडले की, डीएमएसपासून बनणारे सल्फेट कण ढगांची केंद्रके (ज्यांभोवती ढगातले थेंब धरतात ते कण) होतात, ढग वाढून समुद्र थंड होतो आणि शैवले अशा रीतीने हवामान सावरतात. क्विन व बेट्स यांनी २०११ मध्ये त्यावर कठोर आक्षेप घेतले : समुद्री मिठाचे व सेंद्रिय कणही केंद्रके होतात आणि साखळीचा प्रत्येक दुवा अपेक्षेहून क्षीण आहे. आक्षेपांचे पारडे जड वाटते. २०१५ व २०१९ मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) कृत्रिम पावसाचे प्रयोग झाल्यापासून ‘ढगाचे केंद्रक’ हा शब्द मराठवाड्यात परिचयाचा झाला आहे, पण त्या ढगांचा ध्रुवीय शैवलांशी संबंध जोडू नये. डीएमएस हवेत साधारण एक-दोन दिवसच टिकते.

हवेत डीएमएसपासून मिथेनसल्फॉनिक अम्लही बनते आणि ते हिमथरांत साठून राहते. समुद्री बर्फ जास्त तर हिमशैवले व त्यांच्यापासूनचे हे अम्लही जास्त, असे यामागे धरलेले असते. पूर्व अंटार्क्टिकातील लॉ डोमच्या हिमदंडातील या अम्लावरून १९५० नंतर त्या पट्ट्यातील समुद्री बर्फ सु. २० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २००३ मध्ये मांडण्यात आला. अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्राच्या परिसरात मात्र अम्ल व बर्फ यांचा मेळ तसा बसत नाही. तेथे वाऱ्याची दिशा अधिक प्रभावी दिसते.